उलटा लागलेला फर्मा

३ मार्च
तिने पुस्तक दिलं! माझ्या हातात! मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच बोलली — "टाके सुटलेत. नीट बांधशील ना?" मी नुसती मान हलवली. गाढव! रोज संध्याकाळी तिच्या फाटकासमोर उभा राहतो आणि बोलायची वेळ आली की दातखीळ!
बाइंडिंगवाले काका म्हणाले, "हिरो, खळ सांडतेय."

४ मार्च
समुद्रावरची जुनी कादंबरी. एका देवमाशापायी कप्तान अख्खं जहाज पणाला लावतो. शिवता शिवता वाचत सुटलो. देवमासा — लहानपणापासून बोलतोय हा शब्द, त्यात देव आहे हे आज दिसलं! कप्तान निघालाय तो मासा मारायला, की देवाला जाब विचारायला? अंगावर काटा आला.

६ मार्च
बाप रे! जहाज बुडालं, कप्तान गेला. पान उलटलं तर तोच कप्तान परत डेकवर, पाण्याकडे डोळे लावून! मेला तरी सोडत नाही! शेवटचं वाक्यही अर्धवट — म्हणजे शोध संपतच नाही. काय लेखक आहे!
आई म्हणाली, "जेवायला येतोस, की गळ टाकू?"

९ मार्च
पुस्तक देताना सांगूनच टाकलं. तो मेल्यावरही परत येणारा कप्तान म्हणजे मी. तू नाही म्हणालीस तरी येत राहीन!
ती पानं चाळत होती. एकदम हसायला लागली. "अरे, शेवटचा फर्मा आधी शिवलायस तू!"
सोळा पानांचा तो गठ्ठा, एक जागा आधी लागलेला. माझ्याच हातचा. कप्तान परत येत नाही. बुडतो, आणि बाकीच्यांनाही बुडवतो.
तरी मी भांडलोच. "मग काय झालं? शेवटपर्यंत मागे लागला ना?"
तिचं हसू थांबलं. "त्या देवमाशाला कुणी विचारलं का रे, तुला काय हवंय?"
पुस्तक ठेवून गेली.

१० मार्च
उसवलं. पुन्हा शिवलं. केवढं ते जनावर! पुस्तकभर पोहतंय आणि जहाजावर एकालाही त्याच्या मनातलं ठाऊक नाही. जो तो आपलंच काहीतरी त्याच्या पाठीवर लादतो. कुणी वैर, कुणी देव. मी प्रेम.

११ मार्च
विचारलं.
"समुद्र," म्हणाली. जहाजावर नोकरी लागलीय तिला, सोमवारी निघते. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी वर्षभर तिच्या फाटकाशी उभा होतो!