खंडेनवमीचा पाना

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

आले एकदाची! देवळाली कॅम्पात खोली मिळाली आणि खोलीपेक्षा भारी म्हणजे खाली शटरचं गॅरेज. मालकीणबाई मालिनीताई, निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान तिथे जीप ठेवायचे. आता तिथे माझी लाल राणी उभी आहे. दोन दारं, दोन सीटा, सेकंडहँड, पण बघणाऱ्याची मान वळलीच पाहिजे.

नोकरीला सोमवारपासून हजर व्हायचंय, अंबडच्या कारखान्यात. देवळ्याला घरी मात्र सगळ्यांची तोंडं वाकडी. अण्णांनी गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, यात कांदा किती बसतो? अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांचं जग ट्रॅक्टरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की आमच्या घरात कोणीही हात घालून किल्ली फिरवतं, मग गाडी पाहुण्यांची का असेना. डिझेल वाचवायची लहानपणापासूनची सवय.

गाडी मी स्वतः सजवणार, इंजिनाची ताकदही स्वतः वाढवणार, असं सांगितलं तर रोहित हसला. माझा धाकटा भाऊ, पण अक्कल शिकवायला थोरला. तो म्हणाला, तुझ्या हातची गाडी भाऊबीजेला धडपणे दारात आली, तर यंदा मी तुला ओवाळीन. मी म्हटलं, ताट घासून ठेव.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. मालिनीताईंनी सकाळीच गॅरेजमध्ये पाट मांडला. त्यावर विळी, कात्री, सुऱ्या आणि न विचारता माझा पान्यांचा संचही. म्हणाल्या, आज हत्यारांना विश्रांती, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. मला नेमकी आजच सुट्टी आणि नवा सायलेन्सर कालच आलेला! त्या वर गेल्यावर मी पाटावरचा चौदाचा पाना उचलला. लोखंडाला कसली विश्रांती?

जुना बोल्ट गंजलेला. जोर लावला, पाना सटकला, अंगठा फाटला. तरी काम पुरं केलंच. मालिनीताई खाली आल्या, रिकामी जागा बघितली, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की निदान गाडीला आणि पान्याला कुंकू लाव. कुंकवाचा करंडा वर देवघरात. जिना कोण चढणार? अंगठा ओला होताच. तोच बॉनेटवर टेकवला, पान्यावर टेकवला. लाल ते लाल.

त्यांनी वाकून बॉनेटवरचा ठसा बघितला. मग म्हणाल्या, "कुंकू लावलं असतंस तर ती तुझी गाडी झाली असती. रक्त लावलंस, आता ती तुझ्या नात्यातली झाली."

छान की! माझ्या इतर नातेवाइकांपेक्षा बरीच.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूची माळ घालून लॅम रोडला फेरी मारली. काय आवाज आहे! खालच्या पट्टीतला, घोगरा, पोटातून येणारा. इथल्या लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव असता तर त्याही लाजल्या असत्या. माझा घसा मात्र बसलाय. आईचा फोन आला तर तिने विचारलं, कोण बोलतंय?

५ ऑक्टोबर, रविवार

आखूड स्प्रिंगा बसवल्या. गाडी दीड इंच खाली आली, आता कशी रस्त्याला धरून बसलीय! जुन्या स्प्रिंगा भंगारवाल्याला दिल्या. घसा अजून तसाच. दुखत नाही, फक्त आवाज माझा नाही.

७ ऑक्टोबर

कारखान्याची पँट जमिनीवर लोळतेय. परवापर्यंत बरोबर होती.

मागच्या महिन्यात मेडिकलला पाच फूट चार भरले होते. आज टेप लावली. तीनदा लावली. दीड इंच कमी.

१० ऑक्टोबर

काचांना काळी फिल्म लावली. मुद्दाम लावली, खरंखोटं करायला. पोलिसांनी धरलं तर धरोत.

संध्याकाळी आरशात बघितलं. डोळ्यांचा पांढरा भाग धुरकटलाय. दिसतं नीट, पण माझ्या डोळ्यांत कुणाला काही दिसायचं नाही. भीती वाटली. लिहून ठेवते, वाटली.

१२ ऑक्टोबर, रविवार

जुना सायलेन्सर परत चढवला. अर्ध्या तासात माझा आवाज आला, स्वच्छ, आईला ओळखू येईल असा. म्हणजे खरंच आहे. मी गाडीला जे करते, ते मला होतं.

मालिनीताईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, सगळं जसं होतं तसं कर, स्प्रिंगा भंगारातून शोधून आणू. जेवले, विचार केला. घरात कसं बोलायचं, कसं दिसायचं, कुठे बसायचं हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. इथे पहिल्यांदा माझं अंग माझ्या हाताने बदलतंय.

नवा सायलेन्सर परत लावला. आवाज माझा आहे, कसा हवा ते मी ठरवीन.

१८ ऑक्टोबर

मालिनीताईंनी हात जोडले. पुढचं काही करू नको म्हणाल्या. पण इंजिनाचं बाकी आहे. अर्धवट गाडी घेऊन देवळ्याला गेले तर रोहित जन्मभर हसेल.

टाकी फुल केली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लॅपटॉप जोडून इंजिनाची नवी फाइल चढवली. कंपनीने घातलेली मर्यादा काढून टाकली. गाडी चालू केली आणि छातीत काहीतरी जुळलं.

इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर, नाडी ऐंशी. पाय दाबला, काटा दीड हजारावर, नाडी दीडशे. सोडला, ऐंशी.

किल्ली फिरवून बंद के—

२२ ऑक्टोबर

काल मी सीटवर आडवी झाले. श्वास नाही, काही नाही. मालिनीताई फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्यांनीच किल्ली परत फिरवली. मग मी उठले.

गाडी तेव्हापासून चालू आहे. शटर उघडं. त्या खुर्ची टाकून किल्लीपाशी बसल्यात.

जुनी फाइल लॅपटॉपमध्ये आहे. पण ती चढवायला इंजिन बंद करावं लागतं.

मालिनीताई म्हणतात, जाऊ नको. जाणार. इथे बसूनही पेट्रोल संपणारच, आणि चालू गाडीत पंपवाले भरून देत नाहीत. मग ओवाळून घेऊनच संपू दे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चांदवड. थांबलेय, बंद न करता. काटा दीड हजाराच्या वर जाऊ द्यायचा नाही. स्पोर्ट्स कार — आणि कांद्याचे ट्रॅक्टर मला मागे टाकतायत. हसू येतं. हसू आलं की सायलेन्सर फुरफुरतो.

भावडबारीचा घाट चढले. डोळ्यांपुढे काळं आलं. पण चढले.

पोचले. दारात. सगळी आळी बाहेर. अण्णा गाडीभोवती फिरले, कांद्याचं काही बोलले नाहीत. रोहितने मला पाटावर बसवलं, ओवाळलं. सगळ्यांदेखत! जिंकले मी.

मग बसून बघू का म्हणाला. म्हटलं, बस, पण किल्लीला हात लावायचा नाही. आईची शपथ घेतली त्याने.

मी ओट्यावर. लिहितेय. तो आत बसून रेस देतोय — छाती — उठता येत नाही. ओरडले. माझा आवाज आणि गाडीचा आवाज एकच, कुणाचीच मान वळली नाही.

सोडली रेस. ऐंशी. बरं वाटलं.

अण्णा म्हणाले, "उभी गाडी चालू ठेवत्यात का रे?"

रोहित म्हणाला, "नाही, अण्णा." शपथ विसरला नाही तो, हाताला सवय — हात किल्लीक—