वसंताची ढेकर

२२ नोव्हेंबर १९९४, शहागड
काल लग्न होऊन इथं आले. बिजवर म्हणून आईनं नाक मुरडलं होतं, पण मला घर आवडलं. पुढं हायवे, मागं परसदार, पलीकडं गोदावरी. मालक, म्हणजे इंद्रभान, टायरचं दुकान चालवतात. बोलायला मऊ आहेत. पहिली बायको द्वारका श्रावणात नदीवर दुपटी धुवायला गेल्ती, पुरात वाहून गेली. प्रेतसुद्धा सापडलं न्हाई. तिचं लेकरू वसंता आता माझं. कसलं गुटगुटीत आहे! सासूबाई गोजरबाईंनी त्याला माझ्या खांद्यावर दिलं. दूध पोटात गेलं की पाठ थोपटायची, ढेकर आल्याबिगर निजवायचं न्हाई, म्हणाल्या. त्यानं गड्यासारखी मोठी ढेकर दिली. मी हसले. बाकी कुणी हसलं न्हाई.

२५ नोव्हेंबर
ढेकरेला वास येतो. शेळीचं दूध मी स्वतः उकळते, बाटलीही उकळते. पण हा वास आंबलेल्या दुधाचा न्हाई. कुजक्या गाळाचा आहे, मेलेल्या माशाचा. आज त्यानं गुळणी टाकली, ती मानेवरून ब्लाउजच्या आत ओघळली. थंडगार! लेकराच्या पोटातलं कोमट असायला पाहिजे ना? साबण लावून लावून घासलं, तरी चिकटपणा जाईना. जेवण गेलं न्हाई.

२८ नोव्हेंबर
बाटली पुढं केली की तोंड फिरवतो. तरी पोट टम्म. आज थोपटलं तर खांद्यावर करडा लगदा पडला, आणि त्यात एक गोगलगाय. जिवंत. माझ्या गळ्याकडं सरकून राह्यली होती. मी मोरीत जाऊन ओकले. सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी बघितलंसुद्धा न्हाई.
"पोट भरून राह्यलंय ना त्याचं? मंग बोलू नको, उषा."

३० नोव्हेंबर
दुपारी भांडी घासून आत आले. पाळणा आपोआप हलत होता. परसदारापासून पाळण्यापर्यंत ओली पावलं. वसंताच्या ओठांवर हिरवी साय. तोंडात बोट घातलं तर केस लागला, लांब, बुळबुळीत. ओढत गेले, ओढत गेले, संपेना —
इंद्रभानला विचारलं. म्हणाले, द्वारका रोज दुपारी येते. तिच्यामुळंच लेकरू जगलं, दुसरं दूध त्याला पचतच न्हाई. आम्हाला त्याची ढेकर काढवत न्हाई. सहन होत न्हाई तो वास. म्हणून तुला आणली.
म्हणून मला आणली.

१ डिसेंबर
परसदाराला कडी घातली. सासूबाई हाता-पाया पडल्या, मी काढली न्हाई. वसंता रडून रडून निळा पडला. दुपारी दार वाजलं. धडका न्हाईत. थोपटणं. हळू, एका लयीत, लेकराची पाठ थोपटावी तसं. फटीतून पाणी आत येऊन राह्यलं होतं. वास. नाकात, घशात, थुंकीत —

२ डिसेंबर
थोपटणं थांबलं. गेली वाटतं. वसंताला उराशी धरून बसले आहे, उपाशी आहे, बाटली घेतच न्हाई —
पदर ओला झाला. ओकला वाटलं. पण त्याचं तोंड कोरडं आहे.
ओलं माझ्या आतून येतंय. करडं. गार. मला तर लेकरू झालेलं न्हाई, मला दूध कसं —
वसंता रडायचा थांबला. वास घेऊन राह्यलाय. तोंड उघडून माझ्याकडं वळ—