पाइपावरचे दोन ठोके

७ ऑक्टोबर

पोहोचले. बसमधून उतरले तेव्हा रुग्णालयाच्या फाटकाशी एक जाडजूड परिचारिका ताटली घेऊन उभी होती. ताटलीत चीज भरलेली गरम बानित्सा. ही मुख्य परिचारिका रुम्याना. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, संगणकाचा देव येणार म्हणून सांगितलं होतं, ही तर बाईमाणूस निघाली, बरं झालं, देवांना काही बानित्सा खाऊ घालता येत नाही.

प्लोव्दिव शहरातलं घर बंद करताना वाटलं होतं की चाळिशी उलटल्यावर कोण अशी नोकरी बदलतं. पण इथे पाइनचा वास आहे, तळमजल्याच्या टोकाला माझी खोली आहे, आणि खिडकीत कुणीतरी बिहीची तीन पिवळी फळं ठेवून गेलंय. आज झोप लागेल.

१० ऑक्टोबर

काम समजलं. रुग्णांच्या उशाशी घंटेचं बटण असतं. ते दाबलं की परिचारिकांच्या टेबलावरच्या फलकावर खोलीचा दिवा लागतो. पूर्वी हे एका जुन्या यंत्रावर चालायचं. आता ते, आणि बाकी सगळंच, तळघरातल्या एका मोठ्या संगणकात हलवलंय. त्या संगणकाच्या पोटात एक स्विच आहे, निरोप योग्य वाटेने पाठवणारा, पण नुसता हिशेबातला, हाताला न लागणारा. बाहेर लोखंडी कपाटात खरा स्विच आहे, तारा खोचलेला. दोघांमध्ये एकच जाड तार. तळमजल्याच्या घंटा फलकापर्यंत पोहोचतात, दुसऱ्या मजल्याच्या पोहोचत नाहीत. वाटेत कुठेतरी दोघांचं पटत नाहीये.

१४ ऑक्टोबर

तळमजल्यावरच्या सात नंबर खोलीतल्या पेना आजींशी ओळख झाली. दम्याच्या. बोलताना मध्येच थांबतात आणि आपण थांबलो नाही असं दाखवतात. त्यांचा घंटेवर विश्वास नाही. चहा हवा असला की चमच्याने, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाइपावर ठोकतात. आमच्याकडे सगळ्या इमारतींत हे चालतंच. वरच्यांचा दंगा झाला की ठोका, आणि समोरून दोन ठोके आले की समजायचं, ऐकलं, थांबा. पाइप साऱ्या घरातून फिरतो.

मी त्यांना म्हटलं, आजी, चमचा ठेवून द्या, आता घंटा माझ्या हातात आहे. त्या म्हणाल्या, "पोरी, तुझी घंटा यंत्राला कळते. चमचा माणसाला कळतो." आणि मला बिहीचा मुरंबा दिला.

संचालक डॉ. चोलाकोव्ह यांच्या सांगण्यावरून तळघराच्या दाराचं कार्डवालं कुलूपही नव्या संगणकाला जोडलं. दाराची आतली मूठ तुटलीय. दुरुस्तीला सांगायचं राहिलंय.

२२ ऑक्टोबर

सापडलं होतं. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर एक आकडा चिकटवलेला असतो, आणि खऱ्या स्विचच्या दारावर कुठले आकडे आत सोडायचे याची यादी असते. दुसऱ्या मजल्याचा चाळीस त्या यादीत नव्हताच. जेवणाच्या सुट्टीत खाली, तळघराचं दार उघडंच ठेवून, मी चाळीस लिहिला. वर जाऊन घंटा दाबल्या, सगळे दिवे लागले, दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण मी ‘यादीत भर’ असं न लिहिता नुसती यादी लिहिली होती. म्हणजे जुनी पुसली गेली आणि चाळीस एकटा उरला. कामावरच्या पहिल्या वर्षी सगळे ही चूक करतात आणि त्यावर हसतात. सुट्टी संपल्यावर कचेरीतून फोन आला की आमचे संगणक बंद आहेत, तेव्हा लक्षात आलं. लगेच पूर्वीसारखं केलं.

तोवर तळमजल्याचा आकडा, तीस, बाहेर उभा होता. पेना आजी गेल्या. बटण त्यांच्या मुठीत होतं.

२३ ऑक्टोबर

काल एक लिहिलं नाही. चाळीस लिहून झाल्यावर, वर जाण्याआधी, मी तळघरात बानित्सा खात होते, तेव्हा डोक्यावरच्या पाइपावर ठोकणं आलं. मला हसू आलं. आजींना चहा हवाय. मी स्क्रूड्रायव्हर उचलून दोनदा ठोकलं. ऐकलं, थांबा.

त्या थांबल्या.

२५ ऑक्टोबर

फाटकावर आजींच्या मृत्यूचा कागद चिकटवलाय, फोटोसकट. येताजाता दिसतो.

चोलाकोव्हनी सगळ्यांसमोर रुम्यानाला विचारलं की फलकासमोर बसून घंटा दिसली नाही कशी, झोपली होतीस का. ती म्हणाली, दिवा लागलाच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घंटा चालू होत्या ना?"

मी म्हटलं, चालू होत्या.

रुम्याना माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी चुकून खोटं बोलले असेन आणि आत्ता दुरुस्त करेन, अशी वाट बघत.

३० ऑक्टोबर

आजींचा नववा दिवस. त्यांची मुलगी इस्क्रा उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड घालून घेऊन आली. सगळ्यांना कागदी पेल्यातून वाटले. घेणाऱ्याने म्हणायचं असतं, देव तिला क्षमा करो. मी घेतले. म्हटलं. खाल्ले. इस्क्राने माझा हात धरला आणि म्हणाली, आई तुमच्याबद्दल सांगायची, संगणकवाली पोर गोड आहे म्हणून.

रुम्यानाला कामावरून थांबवलंय. जाताना माझ्या दाराशी बानित्सा ठेवून गेली, नेहमीसारखी, रुमालात बांधून.

६ नोव्हेंबर

सात नंबर रंगकामासाठी रिकामी केलीय. तिथली घंटा मीच उपटली, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्रत्येक घंटेला स्वतःचा पत्ता असतो. आज खऱ्या स्विचवर कुठले पत्ते तार खोचायच्या कुठल्या खाचेत दिसतात ते बघत होते. सात नंबरचा पत्ता अकराव्या खाचेत दिसला. अकराव्या खाचेत तार नाही. तरी तिचा हिरवा दिवा मिचमिचत होता.

पत्ता पुसला. जुनी नोंद राहिली असेल.

११ नोव्हेंबर

परत आलाय. खाच बंद केली, तरी दिवा चालू. तीस आकडाच यादीतून काढावा असं मनात आलं. काढला नाही. तेच तर केलं होतं.

आज तो पत्ता पलीकडेही दिसतोय, संगणकाच्या पोटातल्या स्विचवर. बाहेरून आत आलाय. तिथे तार नाही, खाच नाही, उपटायला काही नाही.

१७ नोव्हेंबर

फलकावर सातचा दिवा लागतो. नव्या परिचारिका मला बोलावतात. बाई, तुमची घंटा बिघडली. मी म्हणते, बघते. बंद पडली होती तेव्हा चालू आहे म्हटलं. आता चालू आहे तर बिघडली म्हणते.

रुम्यानाला फोन लावला. तिने उचलला. मी हवापाण्याचं बोलले. ती म्हणाली, "आवाज बसलाय तुझा, लिंडनचा चहा घे." ठेवला.

२१ नोव्हेंबर

पाइप. दिवसाढवळ्या, जेवणाच्या सुट्टीत. चमच्याचा आवाज मी ओळखते. तीन, मग थांबून तीन — बोलताना थांबायच्या तशा.

बाकी कुणाला ऐकू येत नाही. विचारलं. माझ्याकडे दयेने बघतात.

मी उत्तर दिलं नाही. कसं देऊ.

२६ नोव्हेंबर

माझ्या खोलीतल्या रेडिएटरमधून. झोपताना कान बांधते. खण उघडून घंटा पाहिली — बटण आत दाबलेलं होतं. कुणाचंतरी बोट असल्यासारखं. सोडवलं. परत आत गेलं.

मला माहीत आहे काय हवंय. चहा नाही.

२९ नोव्हेंबर

ठरलं. उद्या आजींचा चाळिसावा दिवस, त्यांच्यासाठी प्रार्थना. सगळे चर्चमध्ये असतील, मग जेवण. रुम्यानाही येणार आहे. तिच्यासमोर, इस्क्रासमोर, चोलाकोव्हसमोर सांगेन. नुसतं तोंडी नको, त्यांना वाटेल मैत्रिणीला वाचवतेय. स्विचवर त्या दिवशीच्या आज्ञेची नोंद आहे. सकाळी खाली जाऊन ती काढते आणि तशीच चर्चला.

आज पहिल्यांदा पाइप शांत.

३० नोव्हेंबर

तळघरात. नोंद मिळाली. लॅपटॉपमध्ये घेतली.

दार उघडत नाही. कार्ड लावलं, लाल. यादी पाहिली — रिकामी. एकही आकडा नाही. मी हात लावला नव्हता. कुलूप संगणकाला विचारतं आणि विचारणं पोहोचत नाही. यादी भरली. ‘भर’ असंच लिहिलं, मोठ्याने वाचून. परत रिकामी. परत —

फोनला रेंज नाही. वर धावून येईल असं कुणी नाही, चालू शकणारे सगळे चर्चला गेलेत. मूठ. ती तुटकी मूठ.

थोड्या वेळाने

कपाटाचे दिवे विझतायत. एकेक खाच. हवा आणणारा पंखा थांबला. हवा जड झालीय. श्वास अर्धाच येतो, मग थांबतो. आजी असाच घ्यायच्या. मला तेव्हा वाटायचं, सवय आहे त्यांना.

लॅपटॉप गेला. फक्त अकराव्या खाचेचा दिवा हिरवा. त्याच्या उजेडात लिहितेय.

रुम्याना, घंटा बंद होती. मी केली होती. तू झोपली नव्हतीस. हे कुणी वाचलं तर आधी तिला सांगा —

स्क्रूड्रायव्हर सापडला. पाइपावर ठोकतेय. वर अंथरुणात कुणी तरी असेलच. कुणी तरी ऐकेल. तीन. थांबून तीन.

उत्तर आलं.

दोन ठोके. चमच्याचे. अगदी हळू, मायेने.

ऐकलं, थांब.

मी थांबलेय. आजी, मी थांबले