विनिफ्रेडबाईंना हसू नये

२ जानेवारी, सकाळी ६
संकल्प: नाटक लिहिणार. विषय इंग्लंडची विनोदी नटी मिस विनिफ्रेड टॅपलो. तालमीला बदक घेऊन जायची, नाइटगाउनमध्ये सायकल चालवायची. जन्मभर धडपडून पडण्याच्या भूमिका केल्या आणि एका गंभीर भूमिकेसाठी झुरत मेली. जग तिला हसलं, ओळखलं कुणी नाही. माझंही तेच. तीस वर्षं जामबागच्या मराठी मंडळाचा मेंबर, पण नाटकाच्या पाटीवर लेखक म्हणून नाव एकदाही नाही. यंदा लागणार. नाटकात विनोद एकही नसेल.

९ जानेवारी
अध्यक्ष उत्तमरावांना पहिला प्रवेश वाचून दाखवला. म्हणाले, विनोदी बाईवर नाटक आणि हसायचं कुठंच नाही? या माणसाची नाट्यदृष्टी हळदीकुंकवाच्या स्टेजपुरती. तरी वार्षिकोत्सवात अर्धा तास दिला. घाबरले असावेत.

१५ जानेवारी
गच्चीवर पतंगवाल्यांचा धिंगाणा. तरी नाटक पूर्ण. समासात लाल पेनाने सूचना लिहिल्या: 'इथे प्रेक्षक स्तब्ध', 'इथे उत्तमरावांचे डोळे भरतील', 'इथे टाळ्या, वीस सेकंद थांबणे'. प्रेक्षकांवर काही सोपवू नये.

२१ जानेवारी
विनिफ्रेड म्हणून प्रियदर्शिनी. उत्तमरावांची पुतणी, कुकटपल्लीत कंप्युटरची नोकरी. उंची बरी, अक्कल बेताची. मराठी बोलते, वाचता येत नाही. म्हणाली, 'काका, लाइट घ्या हो, टेन्शन नको! मागून कुणीतरी सांगा, मी बोलते.' या पिढीकडून आणखी काय होणार?

४ फेब्रुवारी
तालमीत प्रॉम्प्टिंग मीच करतोय. प्रयोगाला मात्र लेखक पहिल्या रांगेत हवा. म्हणून त्या दिवसापुरती आमची गंगू. बायकोला नाटकातलं ओ की ठो कळत नाही, पण आवाज खणखणीत. बजावलं, डोकं चालवू नकोस, कागदावरचं अक्षर न् अक्षर वाच. 'हौ' म्हणाली. एवढ्या पटकन ती कधी हौ म्हणत नाही. नाटकाचा प्रभाव.

९ फेब्रुवारी, दुपारी ३
आज प्रयोग. हातरुमाल दोन घेतले. एक उत्तमरावांसाठी.

१० फेब्रुवारी
लिहवत नाही. मरणाच्या प्रवेशात विनिफ्रेड पलंगावर. विंगेतून गंगू: 'निघाले मी... इथे प्रेक्षक स्तब्ध.' त्या पोरीने गळा दाटून सगळं तसंच म्हटलं. हॉल हसला. मग 'इथे उत्तमरावांचे डोळे भरतील.' भरले, पण हसून. पुढचंही तिने म्हटलं आणि वीस सेकंद थांबली. टाळ्या मिनिटभर चालल्या. घरी गंगूला फैलावर घेतलं. 'अक्षर न् अक्षर म्हणालात ना?' म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. खांदे हलत होते. रडत असेल बिचारी.

१२ फेब्रुवारी
विचारांती पटलं. दुःख असह्य झालं की माणूस हसतो. नाटक यशस्वी.

१६ फेब्रुवारी
उत्तमराव घरी आले. चिक्कडपल्लीत दुसरा प्रयोग मागितलाय! पाटीवर माझं नाव केवढ्या अक्षरांत, विचारलं. ते घुटमळले. म्हणाले, 'केशवराव, लोकांना वाटतंय, बायकांनी स्टेजवरच जुळवलं. लेखकाचं नाव टाकलं तर मजा जाईल. वहिनींचं आणि पोरीचं टाकतो.' फार वाईट वाटलं. इतकं वाईट रिटायर झालो तेव्हाही वाटलं नव्हतं. तरी ताठ बसून म्हणालो, मग माझी संहिता मी देणार नाही.
म्हणाले, 'राहू द्या. वहिनींना पाठ आहे.'