पाय कुणी टाकला

शिरूर
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५
दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. कंपनीच्या शर्टाचं तुटलेलं दुसरं बटण शिवून झालं आणि लिहायला बसलो.

ती. बाळासोमामांना,
सुमेधचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. अक्षर मागच्यापेक्षा पुष्कळ सुधारलं आहे. ‘र’ अजून ओळीखाली घसरतो, पण डाव्या हाताचा हा तिसराच महिना आहे. फिजिओथेरपीच्या मॅडमना जरूर दाखवा. त्यांनी रोज पानभर लिहायला सांगितलं म्हणून आपला हा पत्रांचा उद्योग सुरू झाला, नाहीतर पोस्टात मला पाकिटं मागताना बघून तिथले काका एवढे चकित झाले नसते. आई म्हणते, लकवा झाल्यापासून जीभ अडखळते म्हणून दादा फोनवर येत नाही, पण कागदावर टोमणे पहिल्यासारखेच मारतो. तेवढे मी तिला दोनदा वाचून दाखवतो.

आता गेमबद्दल. अंपायर एकदाही चुकत नाही मग हे कसलं खरं क्रिकेट, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या फोनवर सगळ्यात अवघड पातळी लावलेली आहे, तरी तो चुकत नाही हे मीही पाहिलं. तेवढा खरेपणा त्यांना जमलेला दिसत नाही. चेंडू बॅटच्या कडेला लागला तर आवाज येतो पण हाताला झिणझिण्या येत नाहीत, ही तुमची दुसरी तक्रार. त्यावर उपाय नाही. दिवाळीत दाखवलं तसंच चालू ठेवा : फोन उजव्या मांडीवर, डाव्या अंगठ्याने फटक्याचं बटण, आणि चेंडू सुटला की उजवा गुडघा थोडा उचलायचा. फोन तिरका झाला की बॅट्समनचा पाय पुढे पडतो. गुडघा उशिरा उचललात तर पायही उशिरा.

तुमच्या ६४ धावा वहीत लिहिल्या. दिवाळीपासून एकूण ६११ झाल्या.

मला या महिन्यात येणं जमणार नाही. कारेगावला कंपनीत दोन रविवार ओव्हरटाइम लावला आहे. मशीनसमोर पिवळ्या पट्टीचा चौकोन आखलेला आहे, त्यात बारा तास उभं राहायचं. पाय बाहेर पडला की सुपरवायझर नावाने हाक मारतो. एक दिवस गैरहजर राहिलो तर ठेकेदार दुसऱ्याला त्या चौकोनात उभा करेल, एवढंच.

मामींना व करुणाला जय भीम. लोभ आहेच, तो कमी होण्यासारखं माझ्याकडून काही घडू नये एवढीच इच्छा.

तुमचा भाचा,
सुमेध


दौंड
१४ फेब्रुवारी

चि. सुमेध यास,
मामाचा जय भीम आन् आशीर्वाद.

एकशे तीन. नाबाद. आधी ते वहीत लिही, मग पुढचं वाच.

करुणा शेजारी बसून बघत व्हती, तिला इचार. फास्ट बॉलर व्हता, आन् मी एकदा पण चुकलो न्हाई. बॉल सुटला की माझा गुडघा वर, गेमातला पाय पुढं, अंगठा बटणावर. दिवाळीआधी पाच महिने मॅडम म्हणती पाय उचला, पाय उचला, तवा मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. आता दिवसाला शंभर येळा उचलतोय, कुणी न सांगता. तुझी मामी म्हणती, डॉक्टरपेक्षा भाचा हुशार निघाला. मी म्हणलं अकरावीत शाळा सोडली नसती तर डॉक्टरच झाला असता, पण इंजेक्शन द्यायच्या आधी घड्याळ बघून तारीख-टाइम लिहीत बसला असता, तवर पेशंट घरी गेला असता.

आता मुद्द्याचं. रेल्वेच्या ऑफिसातनं कागद आलाय. माझी उजवी बाजू बघून त्यांनी बसायचं काम देऊ केलंय. टेबल, फोन आन् रजिस्टर. हो म्हणायचं आसंल तर २८ तारखेपर्यंत सही करायची. न्हाईतर परत डॉक्टरी तपासणी मागायची, ती पास झाली की यार्डात पहिलं काम.

मी तपासणी मागणार हाय. बावीस वर्सं त्या रुळांतनं डबे जोडलेत. अंधारात गाडी सरकली तर पायाला आधी कळायचं, कानाला मागनं. महिन्यापूर्वी मीच म्हणलो आसतो, आता आपलं टेबलच. पण फास्ट बॉल सुटल्यापासून टप्पा पडंस्तवर जर माझा गुडघा उठतोय, तर सरकत्या डब्यातनं निघायला त्याहून जास्त येळ मिळतो. तपासणीला थोडं चालायला लावतात, हात वर करायला लावतात. तेवढं मी आत्ताच करतो. पास झालो म्हणूनच समज.

बूट काढून ठेवलेत. डाव्या हातानं पॉलिश केलं, नाडी करुणानं ओवली. घरात पडून गाड्या ऐकायचा कंटाळा आलाय रं. कुठली गाडी कुठल्या लाइनीवर घेतली ते खाटंवरनं कळतं, आन् चुकीची घेतली तर वराडता येत न्हाई.

तुझ्या आईला सांग, धुरपदा, दादा कामाव चालला. लोभ हाय, आन् शतकानंतर थोडा वाढलाय.

तुझा मामा


शिरूर
मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५
रात्रीचे नऊ वाजून पस्तीस मिनिटे. कंपनीच्या बसमधून उतरलो, दारातच पत्र वाचलं, अजून बूट पायात आहेत.

ती. मामांना,
सुमेधचा सविनय जय भीम. वि. वि.

आधी हे करा आणि मग पुढचं वाचा. फोन टेबलावर सपाट ठेवा. गुडघा लावू नका, हातही लावू नका. गेम सुरू करून चेंडू येऊ द्या आणि फक्त बॅट्समनच्या पायाकडे बघा.

पाय पडला असेल.

मामा, तो पाय तुम्ही टाकत नव्हतात. फोन तिरका केल्याने काही होत नाही. खऱ्या खेळात पडद्याच्या डाव्या बाजूला एक गोल चकती असते, तिच्यावर डावा अंगठा फिरवून पाय पुढे-मागे न्यायचा, आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने फटक्याचं बटण दाबायचं. दोन अंगठे लागतात. दिवाळीत तुम्ही पहिल्यांदा खेळलात तेव्हा नऊ वेळा शून्यावर बाद झालात आणि फोन उशाखाली सारून दिलात. त्या रात्री मी सेटिंगमध्ये जाऊन पाय आपोआप पडण्याची सोय चालू केली. ती चालू केली की चकती पडद्यावरून जाते. सकाळी तुम्ही विचारलंत चकती कुठे गेली, तेव्हा मी सांगितलं की नव्या गेममध्ये ती काढली आणि आता फोन तिरका करायचा असतो. मांडी आणि गुडघा हे मी तिथल्या तिथे रचलं. मामी आदल्या दिवशी रडल्या होत्या की तुम्ही पाय उचलायलाच तयार नाही. मला वाटलं गेमच्या नादाने उचलाल.

अवघड पातळी, गोलंदाज, तुमच्या अंगठ्याचं टायमिंग, हे सगळं खरं होतं. फक्त पाय खोटा होता. गुडघा उशिरा उचललात तर पाय उशिरा पडेल, असं मी मागच्या पत्रातसुद्धा लिहिलं. ते लिहायची काही गरज नव्हती. खोटं नीट बसावं म्हणून लिहिलं.

आत्ता मामींना फोन केला होता. मी म्हटलं तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, हा माणूस आठ महिन्यांनी पहाटे उठून बूट पुसतो, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू. शिवाय मी सांगितलं तर म्हणतील, बायको घरात बसवायला बघते. तू केलंस, तूच निस्तर. त्यांचं बरोबर आहे. उद्याच निघून यावं असंही मनात आलं. पण उद्या मी चौकोनात नसलो तर परवा चौकोन माझा नसेल, आणि त्याच पगारावर आईचं औषध आहे. म्हणून पुन्हा कागदच.

तुमचा गुडघा खरोखर किती वेळात उठतो हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. यार्डात पाय आपोआप पडण्याची सोय नसते. तपासणी मागू नका असं सांगायचा मला अधिकार नाही, पण माझ्या गेमवर विसंबून मागू नका. ती सोय बंद कशी करायची ते मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं आहे, लाल पेनने.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.

सुमेध


शिरूर
गुरुवार, दि. २७ फेब्रुवारी २०२५
पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटे. डबा भरून झाला, बस यायला पंधरा मिनिटं आहेत.

ती. मामांना,
सविनय जय भीम. वि. वि.

नऊ दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. पत्र पोचल्याचं मामींनी सांगितलं. बाकी काही विचारलं की म्हणतात, मला मधे घेऊ नको. उद्या २८ तारीख. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे कळत असूनही लिहितो आहे. काल मशीनवर उभा असताना सरकत्या डब्यांचा विचार आला आणि दोन पीस उलटे लावले. सुपरवायझरने विचारलं लक्ष कुठे आहे. मी म्हटलं दौंडला. त्याला ती थट्टा वाटली, हजेरीत अर्धा दिवस कापला.

रागावून का होईना, एक ओळ लिहा. नुसत्या शिव्या चालतील.

सुमेध


दौंड
२ मार्च

चि. सुमेध यास,
जय भीम.

आशीर्वाद मुद्दाम लिहिला न्हाई.

तुझं पत्र आलं तवा मी बूट घालून बघत व्हतो. तू सांगितलं तसं फोन टेबलाव ठिवला. बॉल आला आन् त्यो गडी आपला आपण पाय पुढं टाकून उभा राह्यला, बाद व्हईस्तवर. करुणा हसली. म्हणाली, बाबा, ह्याला तुमची गरजच न्हाई. मामी चुलीकडं तोंड करून उभी. म्हंजी तिला ठावं व्हतं. तीन दिवस मी दोघींशी बोललो न्हाई. तसं मी बोलतो कमीच, पण त्यांना फरक कळला.

चौथ्या दिवशी तुझ्या लाल चित्रावरनं ती सोय बंद केली. चकती आली. डाव्या अंगठ्यानं चकती फिरवून मग बटणाव जाईस्तवर दांडी गुल. चौदा येळा. तवा मनात म्हणलं, गेम खोटा निघाला पण गुडघा तर माझा हाय, त्यो खोटा कसा. करुणाला समोर बसवलं. म्हणलं मधीच कवाबी टाळी वाजीव, मी गुडघा उचलतो. पोरीनं टाळी वाजवली, हात मांडीवर ठिवले, केस मागं सारले, आन् मग माझा गुडघा उठला. परत केलं. ईस येळा केलं. ईसाव्या खेपंला तिनं टाळी मुद्दाम हळू वाजवली, बापाची दया येऊन. तवा थांबलो.

बावीस वर्सांत मी दोन माणसं डब्यांतनं बाहेर वढलीत. दोघांची हाडं चांगली व्हती, नुसता पाय उशिरा निघाला व्हता. त्या डॉक्टरी तपासणीला कुणी टाळी वाजवत न्हाई. मी पास झालो आसतो रं सुमेध. लई सहज पास झालो आसतो.

२८ ला गेलो. मामी संगं आली. कागदावर डाव्या हातानं सही केली, तर क्लार्क म्हणला ही तुमची सही न्हाई, आमच्याकडची येगळी हाय. मी म्हणलं ती सही करणारा माणूस आता कुठं सापडंल ते तुमीच शोधा. मग त्यानं डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. ज्या अंगठ्यानं शतक मारलं, त्योच.

सोमवारपास्नं टेबल. खिडकी हाय म्हणं, पण यार्डाच्या उलट्या बाजूला. तू दिवसभर उभा, मी दिवसभर बसून. पिवळी पट्टी तुझ्याकडं हाय, माझ्याकडं नुसती खुर्ची.

बूट करुणाच्या मामाला देऊन टाकणार व्हतो. दिले न्हाईत. खाटंखाली ठिवलेत.

गेम चालू हाय, पण फास्ट बॉलर बंद केलाय. नुसता स्पिनर. त्यो बॉल हवंत वर टाकतो, तेवढ्यात अंगठा चकतीवरनं बटणाव पोचतो, कवा कवा. पाच-सहा दिवसांत नऊ धावा झाल्या. त्यातला एक चौका हाय, पाय मी टाकलेला. वहीत तेवढंच ठेव.

राग गेलेला न्हाई. तोंडावर शिव्या द्यायच्यात, कागदावर न्हाई. ये. जीभ अडखळली तर गप उभं राहून वाट बघायची.

मामा


शिरूर
रविवार, दि. ९ मार्च २०२५
सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. ओव्हरटाइमची बस आज उशिरा आहे. चौकात दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्यावर लिहितो आहे.

ती. मामांना,
सुमेधचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. टाळीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला आणि मग माझा कान धरला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. धरून ठेवला, सोडला नाही, आणि रडली.

मी तुमच्यासारखंच खेळून पाहिलं. उजवा हात पाठीमागे बांधला, फक्त स्पिनर, सोय बंद. तीस डावांत चार धावा झाल्या. तुमच्या नवांची किंमत मला कळली.

सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला २३ तारखेच्या आधी नाही, आणि तेव्हाही दुपारी दोनच्या आत परत. शिरूरहून पहिली एसटी धरली तर साडेतीन तास तुमच्यासमोर उभा राहता येईल. शिव्यांना पुरावेत.

बस आली. हिशेब असा :

दिवाळीपासूनच्या धावा ७१४ : लाल पेनने खोडल्या.
खऱ्या धावा : ९, पैकी चौका १.
गुडघा उचलला, तुमच्या अंदाजाने रोज शंभर वेळा : खोडला नाही.
माझ्याकडून तुमचं येणं : एक रविवार, साडेतीन तास.
तुमच्याकडून माझं येणं : पत्राच्या सुरुवातीचा एक आशीर्वाद. घाई नाही.

तुमचा,
सुमेध