भिंतीपलीकडचं इंग्रजी

४ जून
आजपासून इंग्रजी. तीन महिन्यांत संपवायचं. मराठी वाचायलाही मी लग्नानंतर एकटीनेच शिकले, वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून. इंग्रजीत तर अक्षरं निम्मीच आहेत.
कारण लिहून ठेवते. मुलगा आणि सूनबाई हल्ली खोलीचं दार लावून इंग्रजीत बोलतात. मी चहा घेऊन गेले की गप्प. लपवायचं काही नसेल तर माणूस मराठीत बोलेल ना?

५ जून
लाँड्रीच्या वरच्या क्लासात नाव घातलं. घरी सांगितलं, गुडघे शेकायला जाते. तिथे ऐकणं, लिहिणं, बोलणं तिन्ही शिकवतात. मी म्हटलं, मला ऐकणं तेवढं पुरे. सर म्हणाले, आजी, असं सुटं मिळत नाही.

११ जून, सकाळी सहा
लिसनिंगचा सराव, भिंतीला कान लावून. ‘हाउस’ स्पष्ट ऐकू आलं. मागोमाग ‘सेल’.
हे घर ह्यांनी उभं केलं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. आणि आता हे.

१२ जून
पुन्हा हाउस, सेल. शिवाय ‘मदर’ आणि ‘स्मॉल रूम’. म्हणजे मला कुठे टाकायचं तेही ठरलं. घराचे कागद पिठाच्या डब्यात ठेवले.

१३ जून
आजही तेच, शब्दाला शब्द. घोकून घोकून पक्कं करताहेत! एक लक्षात आलं. इंग्रजी बोलताना मुलाचा आवाज पार बदलतो, घोगरा होतो. सूनबाईचा तर साठीच्या बाईसारखा. पोटात कपट असलं की गळ्यातही उतरत असणार. मध्येच घंटी वाजते. ती कशाची, तपास चालू.

२० जून
रायटिंग. कुटुंबाबद्दल दहा वाक्यं. तीन झाली, पण दमदार. ह्यांच्याबद्दल लिहिलं, सकाळी पेपर वाचतात. सर म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल ‘वाचायचे’ असं लिहावं. बघते म्हटलं. खोडलं नाही.

२ जुलै
आठवडाभर क्लास बुडाला. मेंदूला विश्रांती लागतेच. उद्यापासून रोज दोन तास.

३ जुलै
अर्धा तास झाला.
सूनबाई विचारते, आई, गुडघे शेकायला जाता आणि शाई बोटांना कशी लागते हो? पाळत ठेवून आहे. मी म्हटलं, नवीन पद्धतीचं मशीन आहे.

९ जुलै
स्पीकिंग. कपाटाच्या आरशासमोर भाषण पाठ केलं. आय नो एव्हरीथिंग. धिस इज माय हाउस. पुढची चार वाक्यं सरांनी लिहून दिली. कशाला हवीत, ते विचारत होते. सांगितलं नाही. उद्या दोघांच्या तोंडावर म्हणणार.

१० जुलै, सकाळी सात
दार ढकललं. दोघं पलंगावर, तोंडं मिटलेली, मांडीवर वह्या. बोलत होता लॅपटॉप. त्यातला कुणी बाप्या घर विकत होता आणि एक बाई आपल्या आईसाठी लहान खोली मागत होती. घंटी वाजली. दोघांनी उत्तरं लिहिली.
मी ‘आय नो एव्हरीथिंग’ एवढंच म्हटलं. पुढचं आठवेना.
मुलाचा चेहरा उतरला. म्हणाला, आई, तुला कुणी सांगितलं? पास झाल्यावरच सांगणार होतो गं. सूनबाई रडायलाच लागली. परदेशात नोकरी मिळतेय. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, दोघांनाही. निदान पाच वर्षं तरी तिकडे. आणि मी? तर म्हणाला, सुरुवातीला तुला नेता येणार नाही.

दुपार
क्लासला गेले नाही.
एक मात्र झालं. घर विकणार नाही असं त्याने शपथेवर सांगितलं. तुझंच आहे ते, सगळं, म्हणाला. म्हणजे मीच जिंकले. खालच्या दोन खोल्या, वरच्या दोन.

संध्याकाळ
सूनबाईने भीत भीत विचारलं, आई, आम्हाला बोलण्याच्या सरावाला प्रश्न विचाराल? पुस्तकातले वाचून विचारले, बोट ठेवून ठेवून. दोघं भरभर उत्तरं देत होते. कुठे म्हणून अडले नाहीत.
पास होतील.