उतारावरचा पाट

मु. आंबेझिरी, ता. यावल
गुरुवार, १४ मार्च १९९६

चि. मगनला अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. मंजुळाच्या उलट्या थांबल्या का ते कळव. तिला जिन्यावरून बादल्या उचलू देऊ नकोस, रेल्वेचे क्वार्टर असले तरी नवऱ्याला हात असतात. पोस्टाने टाकलेले पत्र तुला सोमवारी मिळाले असते, म्हणून हे भुसावळ गाडीचे कंडक्टर उखर्डूभाऊ यांच्याजवळ देते आहे. गावातला फोन मंगळवारपासून बंद आहे.

आधी मुद्द्याचे. रविवारी टेकडीवरून सायकली सोडू नकोस. तू आणि तुझ्या पोरांनी सायकली पळवायला खणलेली वाट बंद आहे. अर्धे पत्र वाचून खिशात कोंबायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून हे वरच लिहिले.

तू वाट वाईट आखलीस असे मी कोणाला म्हणू देत नाही. हिवाळाभर तू चुन्याच्या पिशव्या घेऊन टेकडी पालथी घातलीस. वनखात्याची परवानगी काढलीस. अंजनाचे एक झाड तोडू दिले नाहीस, आणि गुरांची पायवाट आडवी आली तिथे सायकलींनाच वळसा दिलास. आमचे नाना कोणाला सहजी चांगले म्हणत नाहीत. माझे सासरे म्हणून सांगत नाही, गावालाच माहीत आहे. तेही पारावर म्हणाले, "सुनंदाचा भाऊ इचारून काम करतो." त्या दिवशी मी गरज नसताना दोनदा पारावरून पाण्याला गेले.

मंगळवारी अवकाळी झाला. वारा, गारा आणि मग धो धो पाऊस. आमची निसवलेली, घड लागलेली केळी निम्मी आडवी झाली. ते असो, दरवर्षी कोणाची ना कोणाची होतेच. पण टेकडीचे पाणी एरवी गवतातून पसरत, जिरत खाली येते. या वेळी ते सगळे तुझ्या वाटेत गोळा झाले आणि तिथून धावत आले.

का ते सांगू? आपण केळीवाल्यांची पोरे. जमिनीत रेघ ओढली की ती खोल करायची आणि दोन्हीकडून बांध घालून थापायचा, एवढेच हाताला माहीत. तू वाट खणायला बसलास आणि पाट खणून ठेवलास. मीही माती थापायला होतेच, मलाही बांध बघून बरेच वाटले. रस्ता करताना पाणी बाहेर काढायचे असते, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आले नाही.

भिकुबाई आठवते ना? टेकडीच्या पायथ्याशी एकटी राहते, काम चालू असताना तुम्हाला ताक आणून द्यायची. वाट तिच्या परसाजवळ संपते. पाणी तिच्या मागच्या भिंतीवर आले आणि भिंत बसली. ती सध्या आमच्याकडे आहे.

हे वाक्य लिहून मी उठून चहा करून आले. पुढचे लिहायचे होते म्हणून. भिंत पडली तेव्हा ती आत शेळी सोडवत होती. मांडीचे हाड मोडले आहे. यावलला प्लास्टर केले, डॉक्टर म्हणतात या वयात जुळेल तेवढे जुळेल. मी तिच्याजवळ बसले तर मलाच हसवायला बघते. म्हणते, "तुह्या भावाले सांग, पाट झ्याक खनला. पानी बरोबर माह्या घरात आनलं." मगन, मला त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या चालल्या असत्या.

गाव चिडले आहे. पोलीस पाटील निंबाआबांनी लगेच ट्रॅक्टर घालून सगळी वाट मोडायची ठरवली. मी म्हणाले, सोमवारपर्यंत थांबा, माझा भाऊ स्वतः येऊन दुरुस्त करील. आबा म्हणाले, "नही आला तं?" मी म्हणाले, येईल.

आता राहिले ते. वाट बंद आहे असे वर लिहिले, कोणी बंद केली ते लिहिले नाही. मी केली. अंजनाच्या वळणाखाली काल दगड ओढून आडवा ढीग घातला, वर बोरीच्या काट्या टाकल्या आणि तिथला बांध फोडला. पुन्हा पाऊस आलाच तर पाणी तिथून नाल्यात जावे. काम झाल्यावर वर जाऊन पाहिले. वळण घेईपर्यंत ढीग दिसतच नाही. तुम्ही तर पाल गावाच्या बाजूने जीपने माथ्यावर जाणार आणि तिथून सुटणार, गाव लागणारच नाही तुम्हाला. आणि पहिला नेहमी तू असतोस.

वर लाल लुगडे फाडून बांधले आहे, पण वाऱ्यात ते टिकेल याची खात्री नाही. ढीग काढावा तर टेकडीवर ढग अजून तसेच आहेत, आणि भिकुबाईच्या शेजारच्या घरात बाळंतीण निजली आहे. मला ढीग काढता येत नाही, मगन.

दुरुस्ती तुमच्या दहा-बारा पोरांना एका दिवसाची आहे. खालच्या अंगाचा बांध पूर्ण काढा. वाट दरीकडे जराशी कलती करा. उतार जास्त आहे तिथे दगडाच्या तिरप्या ओळी बसवा, म्हणजे पाणी जमायच्या आत बाहेर पडेल. शेवट भिकुबाईच्या परसाकडून वळवून माळाकडे न्या. सायकली घरी ठेवा, फावडी आणा, आणि गावातून या. आधी तिच्या पायाशी बसायचे, मग टेकडी चढायची.

उखर्डूभाऊ शब्दाचे पक्के आहेत, पण गाडी बिघडते, माणूस आजारी पडतो. हे पत्र तुला मिळाले की नाही ते मला रविवारपर्यंत कळणार नाही. म्हणून उजाडल्यापासून मी वळणाच्या वरच्या अंगाला, वाटेच्या मधोमध उभी राहणार आहे. तू वरून आलास तर जोरात ओरडशील, बाजूला हो म्हणून. मी होणार नाही. माझ्यामागे दगड आहेत.

मंजुळाला हे शेवटचे वाचून दाखवू नकोस.

तुझी वाट अडवून उभी असलेली,
सुनंदाअक्का